हल्ल्यानंतर पर्यटक परततात, मग हॉटेलांचे हिशेब का जुळत नाहीत?

प्रश्न असा: दहशतवादी हल्ल्यामुळे एखाद्या देशाच्या पर्यटन उद्योगाचं आर्थिक नुकसान नेमकं कोणत्या वाटेने होतं, ते किती मोठं असतं, आणि ‘वर्ष-दोन वर्षांत सगळं पुन्हा सुरळीत होतं’ हे विधान कितपत खरं मानायचं?

शेवटच्या भागापासून सुरुवात करते, कारण खरा घोळ तिथेच आहे. पर्यटकांच्या संख्येपुरतं बोलायचं तर ते विधान बऱ्याचदा खरं ठरतं. 17 नोव्हेंबर 1997 ला इजिप्तमध्ये लक्झरजवळच्या हत्शेपसुतच्या मंदिरात 58 परदेशी पर्यटक आणि 4 इजिप्शियन मारले गेले. पुढच्या वर्षी इजिप्तला जाणाऱ्यांची संख्या घसरली आणि 1999 मध्ये ती हल्ल्याआधीच्या पातळीच्या वर गेली. बालीत ऑक्टोबर 2002 च्या बॉम्बस्फोटांत 202 माणसं गेली. 2003 मध्ये तिथे थेट येणारे परदेशी पर्यटक दहा लाखांच्या खाली आले, 2004 मध्ये ते साडेचौदा लाखांच्या आसपास होते. अशी उदाहरणं समोर ठेवली की कुणालाही वाटेल, चला, दीड-दोन वर्षांचा प्रश्न आहे, तेवढं सोसलं की झालं.

मी हॉटेल प्रकल्पांना दिलेल्या कर्जांची छाननी करते. विमानतळावरच्या शिरगणतीशी माझा संबंध कमी. मला बघायचे असतात ताळेबंद, हप्त्यांचे तक्ते आणि थकबाकी. त्या बाजूने पाहिलं की पर्यटक परत आले तरी उद्योग सावरलेला नसतो, आणि हे अपवादाने नाही, नेहमीच घडतं. कसं, ते सांगते.

पहिल्या पंधरवड्यात हॉटेलच्या आत काय होतं ते आधी बघू. आरक्षण विभागात रोज सकाळी एक तक्ता निघतो: पुढच्या प्रत्येक तारखेसाठी कालच्या दिवसात किती बुकिंग वाढलं. एरवी त्यात लहान-मोठे पण अधिकचे आकडे असतात. हल्ल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो तक्ता उणे चिन्हाने भरतो. आज मुक्कामाला असलेले लोक लगेच निघून जातातच असं नाही, विमानाचं तिकीट बदलेपर्यंत बरेचजण थांबतात. म्हणून पहिल्या आठवड्यात हॉटेल बाहेरून बऱ्यापैकी भरलेलं दिसतं. पण पुढच्या तीन महिन्यांचं बुकिंग तोवर हातातून गेलेलं असतं. वर आगाऊ घेतलेले पैसे परत द्यायचे असतात. बहुतेक हॉटेलं हे आगाऊ पैसे वेगळे राखून ठेवत नाहीत. हंगामापूर्वीची रंगरंगोटी, नवे पडदे-गाद्या, पुरवठादारांची जुनी बिलं यांतच ते वापरलेले असतात. त्यामुळे पहिला फटका नफ्या-तोट्याला बसत नाही, खेळत्या भांडवलाला बसतो. मालक पुरवठादारांचे पैसे थांबवतो, पुरवठादार आपल्या मजुरांचे. हल्ला झालेल्या जागेपासून शेकडो मैलांवर, जिथे कुणी परदेशी माणूस कधी फिरकलेलाही नाही, तिथे एखाद्या भाजीवाल्याची किंवा धोब्याची रक्कम अडकते ती याच साखळीने.

ही झाली भीतीपोटी आलेली रद्दीकरणाची लाट. ती मोठी असते, पण ती ओसरते. माणसं विसरतात, आणि त्यात वाईट काही नाही. जास्त काळ टिकणारं नुकसान होतं ते कागदावरच्या निर्णयांमुळे, आणि वृत्तपत्रांत त्याची चर्चा फार कमी होते.

पर्यटक ज्या देशातून येतात त्या देशाचं परराष्ट्र खातं प्रवासविषयक सूचना काढतं: ‘अत्यावश्यक असेल तरच जा’ किंवा ‘अजिबात जाऊ नका’. सल्ला म्हणून काढलेली ही सूचना व्यवहारात बंदीसारखी वागते, कारण तिला विमा जोडलेला असतो. ब्रिटनमधल्या बहुतेक प्रवास विमा पॉलिसी सरकारी सूचनेविरुद्ध केलेल्या प्रवासाला संरक्षण देत नाहीत. विमा नसेल तर सहली आयोजित करणारी कंपनी ग्राहक पाठवत नाही. युरोपीय संघाच्या 2015 च्या पॅकेज प्रवासविषयक निर्देशानुसार तर गंतव्यस्थानी टाळता न येणारी असाधारण परिस्थिती असेल तर ग्राहक दंड न भरता सहल रद्द करू शकतो आणि पूर्ण पैसे परत मागू शकतो; म्हणजे आयोजकालाही तिथे सहल विकत राहणं परवडत नाही. आयोजक हटले की त्यांनी भाड्याने घेतलेली चार्टर विमानं हटतात. आणि चार्टर विमान रिकामं उभं राहत नाही, पुढच्या हंगामासाठी ते दुसऱ्या समुद्रकिनाऱ्याला जुंपलं जातं. एकदा ती आसनं दुसरीकडे करारबद्ध झाली की उद्या भीती संपूर्ण गेली तरी लोक यायचे कशात बसून?

ट्युनिशियात हे अगदी पुस्तकात शोभावं इतक्या स्पष्टपणे घडलं. मार्च 2015 मध्ये ट्युनिसच्या बार्डो संग्रहालयावर हल्ला झाला. त्यानंतरही युरोपीय सहली चालू राहिल्या होत्या. मग 26 जून 2015 ला, ऐन हंगामाच्या तोंडावर, सूसच्या किनाऱ्यावर 38 पर्यटक मारले गेले. त्यातले 30 ब्रिटिश होते. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ब्रिटनने ‘अत्यावश्यक असेल तरच जा’ अशी सूचना काढली आणि काही दिवसांत हजारो पर्यटकांना खास विमानांनी परत नेलं. ती सूचना देशाच्या बहुतांश भागापुरती शिथिल झाली थेट जुलै 2017 मध्ये, आणि मोठ्या ब्रिटिश सहली परतल्या 2018 मध्ये. मधल्या काळात हल्ल्यापूर्वी वर्षाला चार लाखांच्या आसपास येणारे ब्रिटिश पर्यटक नाममात्र उरले. हे दोन-अडीच हंगाम भीतीमुळे गेले असं म्हणणं पूर्ण बरोबर नाही. सूचना आधी हटली असती तर काही लोक आधी आले असते.

इजिप्तच्या शर्म अल-शेखचं त्याहून वाईट झालं. 31 ऑक्टोबर 2015 ला तिथून निघालेलं रशियन विमान बॉम्बस्फोटाने सिनाईवर पडलं, 224 जण गेले. ब्रिटनने शर्मची विमानं थांबवली ती ऑक्टोबर 2019 मध्ये पुन्हा सुरू करायला परवानगी दिली. रशियाने इजिप्तची सगळी उड्डाणं थांबवली. कैरोपुरती ती 2018 मध्ये सुरू झाली, तांबड्या समुद्रावरच्या पर्यटनस्थळांसाठी मात्र ऑगस्ट 2021 उजाडला. 2010 मध्ये 1.47 कोटी पर्यटक पाहिलेल्या इजिप्तमध्ये 2016 मध्ये 54 लाख आले. (2011 च्या राजकीय उलथापालथीचा वाटा त्यात आहे, पण 2015 चे 93 लाख आणि 2016 चे 54 लाख यांतला फरक मुख्यतः त्या विमानाचाच.) विमानतळावरची सुरक्षा परदेशी तपासनीसांच्या मनासारखी होईपर्यंत आसनंच उपलब्ध नव्हती. इथे हॉटेलवाल्याने दर निम्मे केले काय किंवा फुकट खोल्या दिल्या काय, काही उपयोग नव्हता. तरीही अनेकांनी दर पाडले, आणि ते पुढे अंगाशी आलं.

याच्या उलट श्रीलंका. 21 एप्रिल 2019, ईस्टरचा रविवार. तीन चर्च आणि कोलंबोतली तीन मोठी हॉटेलं लक्ष्य झाली, अडीचशेहून जास्त माणसं मारली गेली. मे 2018 मध्ये 1,29,466 पर्यटक आले होते, मे 2019 मध्ये आले 37,802. सत्तर टक्क्यांहून अधिक घट. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये 2,41,663 पर्यटक आले. आदल्या डिसेंबरात 2,53,169 होते. सात-आठ महिन्यांत दरी साडेचार टक्क्यांवर आली. तीन गोष्टी जुळून आल्या. बऱ्याच देशांनी दीड-दोन महिन्यांतच सूचना सौम्य केल्या. ऑगस्टपासून सरकारने 48 देशांच्या नागरिकांना व्हिसा फी माफ केली. आणि तिसरी गोष्ट शुद्ध योगायोगाची: हल्ला झाला तेव्हा दक्षिण-पश्चिम किनाऱ्याचा मुख्य हंगाम संपत आला होता. पुढच्या हिवाळ्याची बुकिंगं व्हायला अजून अवकाश होता. सूसचा हल्ला जूनअखेरीस झाला, संपूर्ण उन्हाळा पुढे पडलेला असताना. हल्ल्याची तारीख आणि बुकिंगचा काळ यांतलं अंतर मृतांच्या संख्येपेक्षा नुकसानीबद्दल जास्त सांगतं, असं माझं मत झालं आहे. ऐकायला हे कोरडं वाटतं, पण हिशेब तसाच आहे.

आता ‘संख्या सावरली’ आणि ‘उद्योग सावरला’ यांतला फरक आकड्यांत मांडते. आकडे माझे, कल्पित, सोपे केलेले. प्रमाणं मात्र प्रत्यक्षातल्यासारखी. 100 खोल्यांचं हॉटेल धरा. रोज सरासरी 70 खोल्या भरतात, एका खोलीचं भाडं 100. रोजचं उत्पन्न 7,000. भरलेल्या प्रत्येक खोलीमागे धुलाई, न्याहारी, वीज असा 20 चा खर्च, म्हणजे 1,400. हॉटेल भरो न भरो, पगार, देखभाल, विमा, कर यांचे 3,500 लागतातच. बँकेच्या हप्त्याचे रोजचे 1,500. मालकाच्या हाती उरतात 600.

हल्ला झाला. खोल्या भरतात 45, आणि त्या भराव्यात म्हणून भाडं 75 केलं. उत्पन्न 3,375. खोल्यांचा खर्च 900, ठरलेला खर्च 3,500. हप्ता भरायच्या आधीच 1,025 चा खड्डा, हप्ता धरला तर 2,525 चा. पर्यटक छत्तीस टक्के घटले, उत्पन्न मात्र बावन्न टक्क्यांनी घटलं आणि नफ्याची जागा मोठ्या तोट्याने घेतली. हे समजण्यासारखं आहे.

आता पुढची पायरी बघा. दीड वर्ष गेलं, 70 खोल्या पुन्हा भरू लागल्या. पर्यटनमंत्री जाहीर करतात, आपण हल्ल्यापूर्वीच्या पातळीवर आलो. पण भाडं अजून 80 वरच आहे, कारण 75 ची सवय लागलेल्या आयोजकाशी करार करताना ते एकदम 100 होत नाही. उत्पन्न 5,600, खर्च 1,400 आणि 3,500, हप्ता 1,500. तोटा 800. हॉटेल पूर्वीइतकंच भरलेलं आहे आणि रोज पैसे गमावतं आहे. मधल्या काळात थकलेले हप्ते आणि त्यावरचं व्याज मी यात धरलेलंच नाही.

भाडं परत चढायला इतका वेळ का लागतो? मोठे आयोजक पुढच्या वर्षाचे करार या वर्षीच्या दरावरून करतात, हे एक. दुसरं असं की एका हॉटेलने दर पाडले की शेजारच्यालाही पाडावे लागतात आणि मग चढवायला कुणीच आधी धजत नाही. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 नंतर हॉटेलांनी रिकाम्या खोल्या ऑनलाइन विक्रेत्यांना घाऊक भावात दिल्या. तेव्हा ती तात्पुरती सोय वाटली होती. ग्राहक त्या संकेतस्थळांकडे कायमचे वळले आणि दरावरचा हॉटेलांचा ताबा सैल झाला तो झालाच. तिसरं कारण ग्राहक बदलतो हे. ट्युनिशियात 2015 मध्ये पर्यटक साधारण पाव हिश्शाने घटले, पर्यटनातून मिळणारं उत्पन्न मात्र त्याहून बरंच जास्त, एक-तृतीयांशाहून अधिक. पुढच्या वर्षांत संख्या भरून निघाली ती मोठ्या प्रमाणात शेजारच्या अल्जीरियातून रस्त्याने येणाऱ्यांमुळे. त्यातले पुष्कळजण भाड्याच्या घरांत उतरतात, पश्चिम युरोपातल्या सहलवाल्यांसारखं पंधरा दिवस हॉटेलात राहत नाहीत. शिरगणतीत दोघंही एकेकच मोजले जातात.

हॉटेलांच्या कर्जांचा प्रश्न यातून येतो. ट्युनिशियाच्या सरकारी बँकांच्या थकीत कर्जांत पर्यटनाचा वाटा 2015 च्या आधीपासूनच मोठा होता, हल्ल्यांनी तो डोंगर आणखी वाढवला. सरकारं अशा वेळी हप्त्यांना स्थगिती देतात. श्रीलंकेतही दिली गेली. स्थगितीत हप्ता थांबतो, पण व्याज चालूच राहतं हे बऱ्याच मालकांच्या उशिरा लक्षात येतं. श्रीलंकेत तर ती मुदत संपायच्या आधीच 2020 ची महामारी आली, स्थगिती पुन्हा पुन्हा वाढवली गेली आणि 2019 मध्ये झेपणारी कर्जं फुगत गेली.

विम्याबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवं, कारण ‘हॉटेलांचा विमा असतोच की’ हे वाक्य मी पुष्कळदा ऐकते. व्यवसाय खंडित झाल्याचं संरक्षण देणाऱ्या पॉलिसीत सहसा एक अट असते: विमा उतरवलेल्या मालमत्तेचं प्रत्यक्ष नुकसान झालेलं असलं पाहिजे. बॉम्ब पलीकडच्या रस्त्यावर फुटला, तुमच्या काचेला तडासुद्धा गेला नाही आणि वर्षभर गिऱ्हाईक आलं नाही, तर अशी पॉलिसी काही देत नाही. लंडनमध्ये 3 जून 2017 ला लंडन ब्रिज आणि बरो मार्केटच्या परिसरात हल्ला झाला. पोलिसांच्या तपासासाठी बाजार अकरा दिवस बंद राहिला. दुकानं शाबूत होती, माल सडला, धंदा बुडाला आणि अनेकांचे दावे नाकारले गेले, कारण इमारतीचं नुकसान नव्हतं. त्यावरून ओरड झाली आणि 2019 मध्ये ब्रिटनने कायदा बदलला. पूल री या सरकारी पाठबळ असलेल्या पुनर्विमा (विमा कंपन्यांचाच विमा उतरवणाऱ्या) संस्थेला मालमत्तेच्या नुकसानीविना झालेला व्यवसायखंडही घेता येऊ लागला. ही संस्था 1993 मध्ये, लंडनच्या आर्थिक केंद्रात झालेल्या स्फोटांनंतर विमा कंपन्यांनी माघार घेतल्यावर उभी राहिली होती. भारतातला दहशतवाद जोखमीचा सामाईक निधी 2002 चा, अमेरिकेचा दहशतवाद जोखीम विमा कायदाही त्याच वर्षीचा. या बहुतेक व्यवस्था इमारत कोसळली तर काय, याचा विचार करून बनल्या. पर्यटनाचं नुकसान बहुतांशी न कोसळलेल्या इमारतींत होतं.

आता ‘किती’ या प्रश्नाकडे. एक मोठा हल्ला आणि एकामागून एक होणारे मध्यम हल्ले यांत उद्योगाला जास्त मारक काय? पिझाम आणि फ्लायशर या संशोधकांनी इस्रायलच्या आकडेवारीवरून 2002 मध्ये दाखवलं की हल्ल्यांची वारंवारता त्यांच्या तीव्रतेपेक्षा जास्त नुकसान करते. माझा अनुभव त्याला दुजोरा देतो. माद्रिदमध्ये मार्च 2004 मध्ये रेल्वेगाड्यांतल्या स्फोटांत 190 हून अधिक माणसं गेली, तरी त्या वर्षी स्पेनला येणाऱ्यांची संख्या वाढलीच. लंडनमध्ये जुलै 2005 मध्ये 52 जण मारले गेले आणि ते वर्ष ब्रिटनसाठी तोवरचं विक्रमी ठरलं. इस्रायलमध्ये मात्र 2000 सालचे 24 लाख पर्यटक 2002 मध्ये साडेआठ लाखांवर आले. तिथे दर थोड्या आठवड्यांनी काही ना काही घडत होतं. एका हल्ल्यानंतर पर्यटक मनाशी म्हणतो, हे कुठेही होऊ शकलं असतं. तिसऱ्या हल्ल्यानंतर तो तसं म्हणत नाही, आणि त्याच्याआधी आयोजकाचा करारविभाग तसं म्हणायचं थांबवतो.

दुसरा घटक म्हणजे लक्ष्य कोण होतं. पर्यटकांनाच टिपलं गेलं, जसं लक्झर, बाली, सूसला, तर परिणाम खोल असतो. देशाचं पर्यटन किती मोठ्या आणि किती विविध पायावर उभं आहे, हाही भाग आहे. फ्रान्सचं उदाहरण घ्या. नोव्हेंबर 2015 मध्ये पॅरिसमध्ये 130 आणि जुलै 2016 मध्ये नीसमध्ये 86 जण मारले गेले. 2016 मध्ये पॅरिस परिसराने सुमारे 15 लाख पर्यटक आणि 1.3 अब्ज युरो गमावले. देशभराचा आकडा मात्र 8.45 कोटींवरून 8.26 कोटींवर, एवढाच घसरला. लोक फ्रान्सला गेले, पॅरिसला कमी गेले. दोन-तीन देशांतून, एकाच प्रकारच्या सहलीवर, चार्टरने येणाऱ्या पर्यटकांवर जगणाऱ्या देशाला ही सवड नसते.

स्पेनवरचा एक जुना अभ्यास नेहमी उद्धृत होतो. एंडर्स आणि सँडलर यांनी 1970 ते 1988 ची मासिक आकडेवारी घेऊन काढलं की तिथल्या एका सरासरी दहशतवादी घटनेमागे साधारण 1,40,000 पर्यटक यायचे राहिले. पद्धत चांगली आहे, पण हा आकडा उचलून दुसऱ्या देशाला लावू नये. तो त्या काळच्या स्पेनचा आहे, जिथे ईटीए ही संघटना दीर्घकाळ सक्रिय होती आणि किनाऱ्यावरच्या पर्यटनस्थळांनाही लक्ष्य करत होती.

शिवाय हल्ल्याचं नुकसान वेगळं काढणं वाटतं तितकं सोपं नाही. तुर्कस्तानात 2015 मध्ये 3.62 कोटी परदेशी पाहुणे आले, 2016 मध्ये 2.54 कोटी, पर्यटनाचं उत्पन्न 31.5 अब्ज डॉलरवरून 22.1 अब्जांवर आलं. बातम्यांत याचं श्रेय, म्हणजे दोष, बॉम्बस्फोटांना दिला गेला. 2016 च्या जानेवारीत इस्तंबूलच्या सुलतानअहमद भागात आणि जूनमध्ये तिथल्याच अतातुर्क विमानतळावर हल्ले झाले, हे खरंच. पण नोव्हेंबर 2015 मध्ये तुर्कस्तानने रशियन लढाऊ विमान पाडल्यावर रशियाने चार्टर सहली बंद केल्या होत्या आणि एकट्या रशियातून येणारे 36 लाखांवरून नऊ लाखांच्या खाली आले. जुलै 2016 मध्ये फसलेला लष्करी उठाव वेगळाच. बालीच्या 2003 च्या घसरणीत सार्सची साथ आणि इराक युद्ध आहे. मुंबईवरच्या नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यानंतर भारतात येणारे परदेशी पर्यटक 2009 मध्ये दोन टक्क्यांहून थोडेसेच जास्त घटले, आणि ते वर्ष जागतिक मंदीचं होतं. त्या वर्षी जगभरच पर्यटन चारेक टक्क्यांनी आकसलं.

कधीकधी नुकसानीचा मोठा भाग सरकारच्या प्रतिसादातून येतो. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांआधी, 2000 मध्ये, 5.12 कोटी परदेशी पाहुणे आले होते, 2003 मध्ये 4.12 कोटी, आणि जुनी पातळी गाठायला 2006 उजाडलं. 2003 मध्ये न्यूयॉर्कला जायला लोक घाबरत होते म्हणून हे झालं, असं कुणी गंभीरपणे म्हणणार नाही. व्हिसासाठी मुलाखती, वाढलेली प्रतीक्षा, विमानतळावरची झडती आणि एकूणच वागणूक यांचा त्यात वाटा होता. विमान कंपन्यांची गोष्ट तर हल्ल्यानंतर आठवड्याभरात फिरली: विमा कंपन्यांनी सात दिवसांची नोटीस देऊन युद्ध-जोखमीचं तिसऱ्या पक्षाचं संरक्षण (म्हणजे विमानामुळे जमिनीवरच्या लोकांच्या होणाऱ्या नुकसानीची भरपाई) आखडलं, आणि सरकारांनी स्वतः हमी दिली म्हणून विमानं उडत राहिली. अमेरिकी काँग्रेसने 5 अब्ज डॉलर रोख आणि 10 अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जहमीचा कायदा अकरा दिवसांत केला. आधीच अशक्त असलेल्या स्विसएअर आणि सबेना या विमान कंपन्या त्या धक्क्यातून सावरल्या नाहीत.

पर्यटक घरी बसत नाहीत, दुसरीकडे जातात. म्हणून जगाचं एकूण पर्यटन अशा हल्ल्यांनी फारसं हलत नाही. 2016 मध्ये तुर्कस्तान, इजिप्त आणि ट्युनिशियाने जे गमावलं त्यातलं बरंच स्पेनने उचललं. तिथली संख्या एका वर्षात 6.8 कोटींवरून 7.5 कोटींवर गेली. तिथल्या हॉटेलांनी दर चढवले, जुन्या इमारतींवर खर्च केला. दोन-तीन वर्षांनी भूमध्य समुद्राच्या दक्षिणेचा किनारा बाजारात परतला तेव्हा त्याची न दुरुस्त झालेली हॉटेलं त्या नव्या खोल्यांशी स्पर्धा करत होती. देखभालीचा खर्च पुढे ढकलणं हा तोट्यातल्या मालकाचा पहिला आणि स्वाभाविक निर्णय असतो. त्याची किंमत परीक्षणांच्या ताऱ्यांत आणि पर्यायाने भाड्यात दिसते.

देशाच्या पातळीवर हे परकीय चलनात उमटतं. पर्यटन हे निर्यातीसारखं उत्पन्न आहे, फक्त गिऱ्हाईक माल न्यायला स्वतः येतं. श्रीलंकेत परदेशस्थ कामगारांनी पाठवलेला पैसा आणि तयार कपडे यांच्यानंतरचा हा मोठा स्रोत. 2018 मध्ये 4.4 अब्ज डॉलरच्या आसपास असलेला तो 2019 मध्ये 3.6 अब्जांवर आला. इजिप्तमध्ये पर्यटकांचे डॉलर आटले हे चलनसंकटाच्या अनेक कारणांपैकी एक होतं. 3 नोव्हेंबर 2016 ला पौंड बाजारावर सोडावा लागला आणि त्याची किंमत थोड्याच काळात जवळपास निम्मी झाली. परदेशी माणसासाठी इजिप्त एकदम स्वस्त झाला, 2017 मध्ये 83 लाख आणि 2018 मध्ये 1.13 कोटी पर्यटक आले. त्याच 2017 मध्ये देशातली महागाई तीस टक्क्यांच्या वर होती. पर्यटन सावरलं त्याचं बिल असं वाटलं गेलं.

या सगळ्यात ज्यांची नोंदच होत नाही ते म्हणजे वाटाडे, गाडीवाले, घोडेवाले, हस्तकलेवाले. त्यांना स्थगिती मिळत नाही कारण त्यांचं कर्ज बँकेचं नसतं. 22 एप्रिल 2025 ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये 26 जण मारले गेले आणि त्यानंतर जम्मू-काश्मीरमधल्या 87 पैकी 48 पर्यटनस्थळं बंद करण्यात आली. सुरक्षेसाठी तो निर्णय घ्यावा लागला असेल, पण ऐन हंगामात अशा ठिकाणी दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्याला पर्यायी उत्पन्न काय याचं उत्तर कुठल्याच पर्यटन खात्याच्या हिशेबात सापडत नाही. परदेशी पर्यटक आटले तर देशांतर्गत पर्यटक काही प्रमाणात पोकळी भरतात. तिथे देशांतर्गत पर्यटकच लक्ष्य झाले होते, त्यामुळे तो आधारही गेला. हॉटेलांतली प्रशिक्षित माणसं वेगळ्या प्रकारे निघून जातात. चांगला शेफ किंवा अनुभवी व्यवस्थापक सहा महिने अर्ध्या पगारावर थांबत नाही, परदेशी जातो, आणि संख्या परतली म्हणून तो परतत नाही.

मग सरकारने करायचं काय? सरकारं सर्वांत आधी जाहिरात करतात, आणि माझ्या मते तो सर्वांत वाया जाणारा खर्च आहे. पहिल्या दोन महिन्यांत सुंदर किनाऱ्याची जाहिरात त्याच पडद्यावर हल्ल्याच्या बातमीशेजारी दिसते. त्यापेक्षा ते पैसे आसनांवर लावावेत: विमान कंपनीला ठरावीक आसनं भरण्याची हमी द्यावी, म्हणजे ती मार्ग सोडत नाही. इजिप्त आणि ट्युनिशियाने चार्टर कंपन्यांना अशा सवलती दिल्या होत्या. त्याहून महत्त्वाचं, परराष्ट्र खात्यांशी पहिल्या आठवड्यापासून बोलून प्रवासविषयक सूचना संपूर्ण देशावरून जिल्ह्यापुरती आणण्याचा प्रयत्न करावा. त्यासाठी त्यांच्या तपासनीसांना विमानतळ, हॉटेलं, पोलिसांचा प्रतिसाद मोकळेपणाने दाखवावा लागतो, आणि तिथेच अभिमान आडवा येतो. करसवलत चालते (श्रीलंकेने पर्यटनावरचा मूल्यवर्धित कर काही काळ घटवला होता), पण उत्पन्नच नसलेल्या हॉटेलला कर कमी केल्याने फार मिळत नाही. कर्मचाऱ्यांच्या पगाराला काही महिने थेट आधार दिला तर मालक दर पाडायची घाई करत नाही, माणसंही टिकतात. कर्जस्थगिती देताना मुदत वाढवून व्याजाचा दर बांधून द्यावा; नुसती स्थगिती म्हणजे तोच बोजा पुढच्या वर्षावर.

तेव्हा हल्ल्यानंतर वर्षभराने ‘पर्यटन सावरलं’ अशी घोषणा वाचलीत तर एवढं तपासून बघा: जुन्या बाजारपेठांतून येणारी आठवड्याची विमानं किती उरली, प्रति पर्यटक प्रति दिवस खर्च आधीच्या तुलनेत किती, सरासरी मुक्काम किती रात्रींचा, आणि पर्यटनाच्या कर्जांपैकी स्थगितीत किती आहेत. पहिले तीन आकडे बहुतेक देशांच्या पर्यटन खात्यांकडे आणि नागरी विमान वाहतूक विभागांकडे मिळतात. चौथा मध्यवर्ती बँकेच्या अहवालात असतो, बहुधा ‘इतर सेवा’ या सदराखाली.